बिनतिखटाचं जेवण

लेकरू घेऊन शहरात जायचं असेल तर आधी त्याच्या जेवणाची सोय पाहावी आणि मग बाकीची कामं काढावीत. ही साधी अक्कल पातूरच्या नत्थुजी माळ्यांना साठाव्या वर्षी आली. तीही कुठे, तर अकोल्याच्या भर बाजारात, चैत्राच्या उन्हात. खांद्यावर मोट ओढायचा नवाकोरा दोर, म्हणजे नाडा, होता आणि कडेवर रडकुंडीला आलेली पाच वर्षांची नात.

सकाळपर्यंत सगळं नीट चाललं होतं. विहिरीवरच्या मोटेचा जुना नाडा विरून दोऱ्यावर आला होता, आणि चांगला पिळाचा नाडा मिळायचा तो अकोल्यातच. शालूला आगगाडी दाखवायचं वचन दिवाळीपासून उधार होतं. घरात तेरा दिवसांचं बाळ. शालूची आई, म्हणजे नत्थुजींची सून आशाबाई, बाळंतिणीच्या खोलीत, आजी पार्बताबाई शेक-शेगडीत, आणि शालू दिवसभर त्या खोलीच्या दाराला लोंबकळलेली. "घेऊन जा बाप्पा हिले, मले काम तं करू द्या," म्हणत पार्बताबाईंनीच तिला पहाटेच्या मोटारीत बसवून दिलं.

एक अडचण होती. शालूचं तोंड आलं होतं. जिभेवर, गालांच्या आतून फोड, मिठाचा कण लागला तरी पोर किंचाळायची. वऱ्हाडातलं जेवण कसं असतं हे काय सांगायचं? आपल्याकडे वरणालाही मिरचीची फोडणी नसली तर माणूस विचारतो, घरात कोणी आजारी आहे का. म्हणून पार्बताबाईंनी नत्थुजींची भाकर, झुणका आणि ठेचा एका फडक्यात बांधला, आणि शालूसाठी फिरकीच्या तांब्यात दुधात कुस्करलेली मऊ भाकर वेगळी दिली. मोटारवाल्यानं तो तांब्या पुढे इंजिनाशेजारी ठेवायला लावला. अकोल्याला उतरून नत्थुजींनी फिरकी उघडली तेव्हा दुधाचं पाणी वेगळं आणि गोळा वेगळा झाला होता.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. एवढं मोठं शहर, एका लेकराच्या घासाला काय तोटा? आधी गाडी पाहिली. ती धडधडत आली तेव्हा शालूनं आजोबांच्या मानेला अशी मिठी मारली की त्यांचं पागोटं घसरलं. मग नाडा घेतला. तो पारखण्यात, ओढून पाहण्यात, दुकानदाराशी घासाघीस करण्यात दुपार डोक्यावर आली, आणि शालू म्हणाली, "आबा, भूक लागली."

आता कोणी म्हणेल, अहो, नत्थुजींची सख्खी लेक रुख्मिणी अकोल्यातच दिलेली. मोर्णा नदीचा पूल ओलांडला की जुन्या शहरात तिचं घर. मग हा शहाणा माणूस लेकराला घेऊन बाजारात कशाला भटकत होता? त्याला कारणं दोन होती, आणि दोन्ही नत्थुजींच्या छातीवर धोंड्यासारखी होती.

पहिलं कारण जुनं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. मूल झालं की ते घर नातवाचं होतं, मग आजोबानं खुशाल पाटावर बसावं. रुख्मिणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. नत्थुजी अकोल्याला आले की तिच्या ओट्यावर भाजीची टोपली ठेवायचे, बाहेरूनच ख्यालीखुशाली विचारायचे आणि नदीकाठी जाऊन आपली शिदोरी सोडायचे. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण म्हणून ती पातूरला माहेरी आली. मुलगा झाला, आणि नवव्या दिवशी गेला. बारसं झालं नव्हतं, नाव पडलं नव्हतं. बायाबापड्या म्हणाल्या, ते लेकरू झालं असं धरायचं नाही. पहाटे फडक्यात गुंडाळून नत्थुजीच त्याला घेऊन गेले होते. सव्वा महिन्यानं रुख्मिणी रिकाम्या ओटीनं अकोल्याला परतली, आणि रीत होती तिथेच राहिली.

दुसरं कारण कालचं. काल घरी नव्या बाळाचं बारसं झालं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्याला आत्या एकच, रुख्मिणी. पण पार्बताबाईंनी तिला निरोपच धाडला नाही. जिचं लेकरू गेलं तिच्या हातात नवं लेकरू कसं द्यायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आई होती, पोटात माया होती, पण भीती मायेपेक्षा मोठी ठरली. कानात नाव सांगितलं शेजारच्या माणिकबाईनं. नत्थुजींना हे पटलं नव्हतं, पण ते काही बोलले नाहीत. सगळा कार्यक्रम होईस्तोवर ते विहिरीवर जाऊन बसले होते.

शालूच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला पुलापलीकडे नेलं की दाराशीच सगळं बाहेर येणार होतं. म्हणून नत्थुजींनी नदीकडे पाठ केली आणि ते बाजाराच्या दिशेनं चालू लागले.

पहिली खानावळ वकिलांच्या आळीजवळ होती. आतून वरण-भाताचा, तुपाचा वास येत होता. मालक सोवळ्यानं दारात आला.

"कोण तुम्ही?"

"माळी जी, पातूरचा. माह्यं पान नको. या पोरीले नुसता वरण-भात पाहिजे, बिनतिखटाचा."

"आत पंगत बसलीय," मालक म्हणाला. "तुम्हाला बाहेर ओसरीवर वाढता येईल, पण दुसरी पंगत उठल्यावर. आणि मुलांचं पान आम्ही मांडत नाही हो. सांडलवंड होते, मग बाकीचे कुरकुरतात." मग त्याची नजर शालूच्या ओठांकडे गेली. "तोंड आलंय का हिचं? लोणी लावा. गार पडेल." तो खरंच कळवळून बोलला, आणि आत गेला.

दुसरी खानावळ कापसाच्या जिनातल्या मजुरांची. तिथे कोणाला कोणी जात विचारली नाही, पान मोठं का छोटं तेही विचारलं नाही. पण कढईत लाल तर्री अशी डोलत होती की नुसत्या वाफेनं शालू शिंकायला लागली. शेजारी बसलेल्या एका मजुरानं आपल्या पानातला बटाटा उचलला, पाण्यानं दोनदा धुतला आणि तिच्या हातावर ठेवला. "घे माय, आता तिखट नाही राह्यलं." शालूनं विश्वासानं तोंडात घातला आणि जी ओरडली की सगळी पंगत हात आवरून पाहत राहिली. तो मजूर बिचारा ओशाळला. नत्थुजींनी त्यालाच धीर दिला आणि ते बाहेर पडले.

मग एक चहाचं हॉटेल. दूध मिळालं, साखर घातलेलं, सायीचं, पण चटके बसणारं. नत्थुजी बशीत ओतून फुंकत बसले. बाक उंच, शालूचे पाय लोंबकळत होते, हनुवटी जेमतेम टेबलाला लागत होती. दूध पिण्याजोगं होत आलं आणि मालकानं फोनोची चावी फिरवली. त्या कर्ण्यातून बाई अशी खणखणीत गायला लागली की शालू दचकली, बशी खाली, दूध धोतरावर.

"लेकरं घेऊन हाटेलात काहून येता, बुवा?" मालकानं फडकं फेकत विचारलं.

नत्थुजींनी बशी उचलून दिली. शहरात सगळ्यांना जागा होती. वकिलांना, मजुरांना, दलालांना, आगगाडीतून उतरणाऱ्या साहेबालासुद्धा. पाच वर्षांच्या पोरीनं मांडी घालून चार घास खावेत अशी जागा मात्र त्यांना दिसेना. त्यांना आपलाच राग येत होता. अशी एक जागा आपल्याला पक्की ठाऊक आहे, हेही त्यांना माहीत होतं.

शेवटी ते बागेत आले. निंबाखाली नाड्याचं वेटोळं ठेवलं, त्यावर शालूला बसवलं. नळाच्या पाण्यात आपल्या शिदोरीतली भाकर भिजवली, कुस्करली, तिचा लगदा केला. शालूनं एक घास घेतला, गालातल्या गालात फिरवला आणि थुंकला. भाकरीला झुणका लागला होता. आता ती रडतही नव्हती. नुसती आजोबांच्या मांडीला टेकून बसली, डोळे अर्धे मिटून. रडणाऱ्या लेकराची भीती वाटत नाही, गप्प झालेल्याची वाटते. नत्थुजींनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बागेचा राखणदार पंजाबराव काठी टेकत आला. फुलं तोडू नका म्हणायला आला असावा, पण पोरीला पाहून थांबला.

"काय झालं जी?"

"तोंड आलं हिचं. सकायपासून पोटात काही नाही. साऱ्या बाजारात फिरलो."

"बाजारात काय भेटनार, बाबा? लेकराले घर लागते," पंजाबराव म्हणाला. "एखांद्या बाईमानसाच्या चुलीवर दोन मुठी मऊ भात टाका. अकोल्यात कोनी नाही काय तुमचं?"

नत्थुजी म्हणाले, "नाही."

तोंडातून शब्द गेला, आणि शालूनं डोळे उघडले. "आत्या हाय ना, आबा," ती म्हणाली. "आपली आत्या नाही का अकोल्यात?"

पंजाबरावानं एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा नातीकडे, आणि तो गुलाबाच्या वाफ्याकडे निघून गेला. नत्थुजींचे कान तापले. आयुष्यात त्यांनी सडकी भाजी चांगली म्हणून कधी विकली नव्हती, आणि आज पोटच्या पोरीला परक्या माणसासमोर नाही म्हणून मोकळे झाले होते. त्यांनी नाडा खांद्यावर टाकला, शालूला उचललं आणि पुलाची वाट धरली.

रुख्मिणी दारात बसून तुरीची डाळ पाखडत होती. नवरा जानराव जिनात कामाला गेलेला, घरात दुसरं कोणी नाही. बापाला पाहून ती उठली. तिची नजर भाजीची टोपली शोधू लागली, कारण टोपलीशिवाय नत्थुजी या दारात कधी आले नव्हते. मग तिनं शालूकडे पाहिलं, आणि बाकी सगळं विचारायचं राहून गेलं.

"तोंड आलं काय माह्या बाईचं? द्या इकडे."

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आत नेलं. नत्थुजी नेहमीसारखे ओट्यावर बसले. आत चूल फुंकल्याचा आवाज आला, भांड्यात तांदूळ धुतल्याचा आला. थोड्या वेळानं रुख्मिणी सुपानं वारा घालत भात गार करू लागली. नुसतं शिजवलेलं वरण, बोटभर तूप, मीठ नावाला. शालू खाऊ लागली. पहिला घास सांभाळून, दुसरा धिटाईनं, मग घासावर घास. नत्थुजींना ते दारातून दिसत होतं, आणि कालच्या बारशापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

ते काही टिकलं नाही.

"आत्या, आमच्या घरी लहान बाय आलं," शालूनं भरल्या तोंडानं सांगितलं. "काल पायन्यात टाकलं. घुगऱ्या वाटल्या."

सुपाचा वारा थांबला.

"अस्सं? मंग कानात कुर्र कोनं केलं?"

"मानिकबाईनं."

"नाव काय ठेवलं?"

"वामन."

ओट्यावर नत्थुजींनी नाड्याचा पीळ मुठीत धरला होता. लेक ओरडली असती, रडली असती, बापाला चार शब्द सुनावले असते, तर त्यांनी ते खाली मान घालून ऐकले असते. पण आतून एवढंच ऐकू आलं, "चांगलं नाव हाय. खाय माय तू, भात निवून राह्यला." आणि सूप पुन्हा हलू लागलं.

मग रुख्मिणी दारात आली. डोळे कोरडे होते.

"बाबा, तुमी जेवले?"

"नाही."

"शिदोरी हाय ना तुमची? नदीवर जाऊन जेवून या मंग. पोरगी जेवून निजन जराशी, तवरिक मी पायते तिले. इथं तं तुमाले पानी बी चालत नाही."

तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. नऊ वर्षं जे होत आलं तेच तिनं बोलून दाखवलं होतं. टोचून म्हटलं असतं तर नत्थुजी कदाचित उठून नदीवर गेलेही असते. पण तिनं बापाच्या भुकेची काळजी केली, आणि ती काळजी त्यांना सोसली नाही. ते उठले. नाडा ओट्यावर ठेवला, पायातल्या वहाणा काढल्या आणि उंबरा ओलांडून आत आले.

"पाट मांड," ते म्हणाले.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"पाट मांड, रुखमे. अन् आंधी पानी दे."

"मले लेकरू नाही, बाबा." पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "रीत कावून मोडता? मायले कळलं तं म्हनन, लेकीच्या घरात पाप घडलं."

"तुले लेकरू व्हतं," नत्थुजी म्हणाले. "नऊ दिवस व्हतं. म्या पायलं त्याले. डाव्या कानाच्या पाळीवर तीळ व्हता."

"लोक धरत नाही ते."

"लोकाइनं खड्डा नाही खंदला. म्या खंदला." नत्थुजी भिंतीला टेकून खालीच बसले. "रीत काय सांगते? नातू झाला का बापानं जेवावं. मंग झाला ना नातू. आला अन् गेला, पर झाला. दोन वर्सं झाली, हे माह्या नातवाचं घर हाय, अन् मी नदीवर भाकर खात बसलो. कालच्या बारशाचं बी तसंच. तुही माय भेली, अन् मी चूप बसलो. माही चूक झाली, माय."

रुख्मिणीनं तांब्या भरून आणला. नत्थुजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, वरून धार धरली आणि सगळा रिकामा केला. मग तिनं पाट मांडला, ताट केलं. शालूसाठी केलेलंच, वरण-भात आणि तूप. मिरची तिला सुचली नाही आणि त्यांनी मागितली नाही. लेकीच्या घरचा पहिला घास नत्थुजींनी घेतला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"आबा, तिखट लागलं काय?" शालूनं विचारलं.

"नाही बाई."

रुख्मिणी समोर बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. दोन वर्षं जे ती कोणालाच विचारू शकली नव्हती ते तिनं आता विचारलं. बाळंतिणीच्या खोलीतून तिनं पाहिली होती ती फक्त बापाची पाठ, आणि त्यानंतर तिच्यापुढे कोणी तो विषयही काढला नव्हता.

"बाबा, कोठी ठेवलं त्याले?"

नत्थुजींचा हात ताटात थांबला.

"आपल्या विहिरीपाशी," ते म्हणाले. "मोटेचं पानी पडते ना पाटात, त्याच्या कडेले. उनात नको म्हनून तिथं. वरतं मोगरा लावला. पह्यलं पानी रोज त्यालेच जाते."

"तो मोठा मोगरा? ज्याची फुलं तुमी कोनाले तोडू देत नाही?"

पार्बताबाई त्या मोगऱ्यावरून सदा कुरकुर करायच्या. भाजी-फुलं विकून पोट भरणाऱ्या माणसानं ऐन बहराचं झाड तसंच सोडावं आणि फुलं मातीत गळू द्यावीत, हे काय खूळ, म्हणायच्या. रुख्मिणीनंही माहेरी आल्यावर ती कुरकुर ऐकली होती, आणि हसली होती.

"त्याचं एक फूल म्या बाजारात नाही नेलं," नत्थुजी म्हणाले. "तो तुहा हाय. आता बहार हाय त्याले. जवाईबापूले सांगून ठेव, मंगळवारी येतो मी तुले न्यायले. आंधी मोगऱ्यापाशी जाऊ, मंग वामनच्या कानात तू नाव सांग. एकडाव सांगितलं तं काय झालं, लेकरू दोनदा आयकन."

रुख्मिणीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. दोन वर्षांचं रडणं होतं ते, मोठ्यानं, हुंदके देत, शेजारणीला ऐकू जाईल असं. शालू उठून तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि आपल्या भाताच्या हातानं तिचे डोळे पुसू लागली. नत्थुजींनी तिला रडू दिलं. बाहेर ऊन उतरत होतं. चारच्या मोटारीची वेळ होत आली होती, पण ते उठले नाहीत.

बऱ्याच वेळानं रुख्मिणी शांत झाली. तिनं नाक पुसलं, हात धुतले आणि भाताचं पातेलं जवळ ओढलं. नत्थुजींनी ताट पुढे केलं.

"वाढ माय," ते म्हणाले. "पोट नाही भरलं अजून."